रकान्याबाहेरचे श्रम

अलिबागेच्या उत्तरेस, खंदेरी आणि उंदेरी या जलदुर्गांच्या समोर वसलेले थळ हे गाव बाहेरच्या मनुष्यास ठाऊक असते ते एक तर त्या किल्ल्यांमुळे, नाही तर १९८०च्या दशकात येथे उभ्या राहिलेल्या खत कारखान्यामुळे. अशा गावातली एखादी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन, आपल्याला आता विद्यापीठात स्त्री अभ्यास या विषयात एम. ए. करावयाचे आहे असे जेव्हा घरी सांगते, तेव्हा तिच्यापुढे येणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. वडिलांना वाटते, ही मोर्च्यात जाण्याची पूर्वतयारी. मामा विचारतो, यापेक्षा बी. एड. का नाही, आणि आजीला तर हसूच येते, कारण जन्मभर बाईपण निभावलेल्या माणसाला त्यातले आणखी काय शिकावयाचे राहिले, हे तिला उमगत नाही. या तिघांचे प्रश्न मला मुळीच गैरवाजवी वाटत नाहीत. ज्या विषयावर आयुष्यातली दोन वर्षे आणि घरचा पैसा खर्ची पडावयाचा, तो विषय नेमका काय आहे हे विचारण्याचा हक्क घराला आहे. आणि या विषयाचे कैवारी बहुधा घोषणांच्या भाषेत व त्याचे टीकाकार चावडीवरल्या विनोदांच्या भाषेत बोलत असल्यामुळे, सरळ उत्तर घरापर्यंत क्वचितच पोहोचते. ते येथे थळच्याच किनाऱ्यावरची सामग्री हाताशी घेऊन देण्याचा विचार आहे.

होड्या किनाऱ्याला लागून माल उतरेपर्यंतचे काम पुरुषांचे आणि तेथून पुढचे बव्हंशी बायकांचे, ही कोळीवाड्यांतली जुनी वाटणी होय. मासळी निवडणे, जातवार वेगळी करणे, बर्फात घालून पाटी भरणे, मिनीडोअर रिक्षामध्ये पाट्या चढवून बाजार गाठणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करीत वाटे विकणे, उरलेला माल खारवणे, जवळा उन्हात पसरणे, काठ्यांना ताणलेल्या दोरांवर बोंबील टांगणे, आभाळ भरून येताच ते सगळे आवरून घरात घेणे, आणि कोणाकडे किती उधारी राहिली हे वहीवाचून ध्यानात ठेवणे, एवढा सारा व्याप जी बाई सांभाळते तिच्या ओटीवर, समजा, सरकारी पाहणीचा गणक आला आणि त्याने घरधन्यास विचारले, की घरात कमावते किती. घरधनी सहज सांगून जातो, मी आणि मुलगा. ही घरीच असते. 'ही' त्या वेळी मागील दारी मासळी निवडीत बसलेली असते.

आता गणकाच्या कागदाकडे वळू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यात प्रत्येक माणसाच्या उद्योगास एक आकडा दिलेला असतो. स्वतःचा धंदा स्वतः चालविणाऱ्यास ११, घरच्या धंद्यात वेतनावाचून राबणाऱ्यास २१, केवळ घरकाम करणाऱ्यास ९२, आणि घरकामाबरोबरच घरच्या उपयोगापुरते सरपण आणणे, शिवणटिपण करणे अशी कामे करणाऱ्यास ९३. यांपैकी पहिल्या दोन आकड्यांची माणसे देशाच्या श्रमशक्तीत मोडतात, शेवटच्या दोन आकड्यांची मोडत नाहीत. विक्रीसाठी बोंबील वाळविणारी आणि बाजारात बसणारी बाई नियमाप्रमाणे निःसंशय ११ किंवा २१ या आकड्याची धनीण ठरावी. परंतु नियम आणि नोंद यांच्या दरम्यान गणकाने विचारलेला प्रश्न, घरधन्याने दिलेले उत्तर आणि 'काम' म्हणजे काय याविषयी त्या दोघांच्या, किंबहुना त्या बाईच्याही, मनात मुरलेली कल्पना उभी असते, आणि त्या कल्पनेच्या जोरावर त्या बाईची रवानगी ९२ च्या रकान्यात होऊन जाते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. म्हणूनच ही गोष्ट अभ्यासाची आहे. दुष्टाव्याचा बंदोबस्त करावयास पोलीसठाणे पुरते, त्याला विद्यापीठ लागत नाही.

रकाना चुकला म्हणून काय बिघडते, अशी शंका कोणी घेईल. बिघडते ते असे की, पुढचे सगळे दप्तर त्या रकान्यावर रचले जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. अशा आपत्तीनंतरच्या मदतीचे सरकारी निकष पाहिले तर मासेमारीच्या सदरात नौकेच्या आणि जाळ्याच्या हानीला जागा असते. आणि नौका व जाळे ज्याच्या नावावर, मदतही त्याच्या नावावर. वाळवणीत घातलेले भांडवल, उधारीत अडकलेला पैसा, वाहून गेलेल्या पाट्या यांचा मालक कोण, हे कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नसते. अशा ठिकाणी 'बायकांवर अन्याय होतो' असे म्हणून मोकळे होणे सोपे. कोणत्या नमुन्याच्या कोणत्या कलमात, कोणत्या समजुतीमुळे आणि किती रकमेचा, हे शोधून काढणे कठीण. स्त्री अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे मुख्यतः या दुसऱ्या कामाची तालीम, असे माझे मत आहे.

शरीराने स्त्री वा पुरुष असणे ही एक गोष्ट, आणि त्या शरीराच्या माथी समाजाने मारलेली कामे, त्याला बहाल केलेले हक्क, त्याला शिकविलेली लाज आणि दिलेली मोकळीक ही दुसरी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीस अभ्यासक लिंगभाव असे म्हणतात. ती निसर्गदत्त नाही, याचा पुरावा अलिबाग तालुक्याबाहेर शोधावयास नको. कोळीण भर बाजारात मोठ्या आवाजात भाव सांगते, नोटा मोजते, व्यवहार ठरविते, आणि त्यात कोणास काही गैर वाटत नाही. त्याच तालुक्यातल्या, त्याच पिढीतल्या एखाद्या उच्चवर्णीय घरातील बाईने बाजारात बसून काही विकणे म्हणजे घराण्याची बेअब्रू समजली गेली असती. 'स्त्रीस्वभाव' म्हणून ज्याचा गौरव केला जातो तो पाच-सहा मैलांच्या टापूत, जात बदलताच असा बदलत असेल, तर त्याचे मूळ स्वभावात शोधण्याऐवजी व्यवस्थेत शोधणे शहाणपणाचे. अर्थात कोळिणीच्या हाती पैसा खेळतो एवढ्यावरून तिचे राज्य आहे, असा निष्कर्ष काढणे हा उतावळेपणा होईल. बाजारातून परतल्यावर चूल, पाणी, मुले, म्हातारी माणसे ही पाळी तिच्याकडेच असते. २०१९ साली झालेल्या देशव्यापी कालविनियोग पाहणीत, घरच्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे आणि तसे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो, असे आढळले. या तफावतीला देशभर घड्याळाने मोजून कागदावर आणावयास स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लागली.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही, याची आठवण येथे द्यावीशी वाटते. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध प्रसिद्ध झाला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि तिच्यावर वृत्तपत्रांनी ओढलेले ताशेरे हे त्याचे निमित्त. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पण ताराबाईंचा निबंध पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला आणि स. गं. मालशे यांनी तो १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणला. त्र्याण्णव वर्षे एक पुस्तक आपल्याच भाषेत हरवून राहते, हे कसे, असा प्रश्न ज्याला पडेल तो या विषयाच्या उंबरठ्यावर आलाच म्हणावयाचे.

विद्यापीठीय विषय म्हणून त्याची प्रतिष्ठापना त्याच सुमारास झाली. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी १९७१ साली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने १९७४ च्या अखेरीस दिलेल्या अहवालाने सुशिक्षितांना धक्का बसला. स्वातंत्र्य मिळाले, घटनेने समता दिली, मुली महाविद्यालयांत जाऊ लागल्या, तेव्हा प्रगती होतच असणार अशी जी सर्वसाधारण समजूत होती, तिच्या उलट हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १९०१ च्या ९७२ वरून १९७१ साली ९३० वर घसरलेले दिसले आणि रोजगारातला त्यांचा वाटाही आक्रसलेला दिसला. त्याच १९७४ साली, महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात डॉ. नीरा देसाई यांनी स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. देशातले ते पहिले. स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही याच विद्यापीठात १९८१ साली भरली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने इतरत्र अशी केंद्रे उघडण्यास साहाय्य केले, आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात, आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाणारे केंद्र निघाले, ज्याच्या उभारणीत विद्युत भागवत आणि पुढे शर्मिला रेगे यांचा मोठा वाटा आहे.

शर्मिला रेगे (मृत्यू १३ जुलै २०१३) यांच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण थळसारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थिनीला त्यांच्या कामाचा साक्षात उपयोग आहे. शहरी, सवर्ण, इंग्रजी शिकलेल्या बाईचा अनुभव हाच सगळ्या बायकांचा अनुभव मानून चालणाऱ्या स्त्रीवादाची त्यांनी कठोर झडती घेतली, आणि जात बाजूला ठेवून स्त्रीचा प्रश्न समजत नाही, ही गोष्ट फुले-आंबेडकरांच्या विचारांतून व दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतून सिद्ध केली. २०१३ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या स्त्रीविषयक लेखनाचे संपादन केले; आणि ज्या मनुस्मृतीचे दहन त्या विचाराच्या मुळाशी आहे, ते २५ डिसेंबर १९२७ रोजी झाले ते आपल्याच त्या वेळच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात, महाडला. रेगे यांचा दुसरा आग्रह वर्गातल्या भाषेविषयी होता. ग्रामीण भागातून मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी ग्रंथांपुढे मुकी होतात आणि त्यांचे मौन हे त्यांचे अज्ञान समजले जाते, हे त्यांनी ओळखले. शिक्षणाला जोतीरावांनी दिलेले 'तृतीय रत्न' हे नाव त्यांनी आपल्या अध्यापनविषयक निबंधाच्या शीर्षस्थानी ठेवले, आणि पुण्याच्या केंद्रात दोन्ही भाषांतून शिकविण्याची व मराठीत वाचनसाहित्य तयार करण्याची परंपरा रुजली. थळच्या मुलीने प्रवेश घेण्यापूर्वी कोणत्याही केंद्राला पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की उत्तरपत्रिका आणि प्रबंध मराठीत लिहिता येईल काय.

संशोधकाची जात, वर्ग, आडनाव, कपडे, बोलण्याची ढब या सर्वांचा त्याला मिळणाऱ्या उत्तरांवर परिणाम होतो, हे या शाखेचे एक मूलभूत तत्त्व होय, आणि ते समजावयास अलिबागेची चुंबकीय वेधशाळा चांगली उपयोगी पडते. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू व्हावयाच्या, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील वेध त्यांच्यामुळे बिघडतील म्हणून १९०४ साली ते काम अलिबागेस आले, आणि येथल्या इमारतीत चुंबकत्वाचा स्पर्श होईल असा पदार्थ वापरला गेला नाही. समाजाच्या अभ्यासकाला मात्र अशी इमारत बांधून मिळत नाही. तो आपल्या अंगावरचे लोखंड घेऊनच कोळीवाड्यात शिरतो. ते काढून ठेवता येत नसल्यास किती आहे हे निदान लिहून ठेवावे, एवढेच त्याच्या हाती असते. गावचीच मुलगी असली म्हणून ती या अडचणीतून सुटते असेही नाही. परक्याला जे सांगतील ते तिला सांगणार नाहीत, कारण ती अमक्याची नात असते.

दप्तरांचे वाचन हे या शिक्षणाचे दुसरे अंग. १६७९ साली खंदेरीची उभारणी झाली तेव्हा शिवाजी महाराजांच्या आरमारातील मायनाक भंडारी, दौलतखान ही नावे इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आली. समोरच्या किनाऱ्यावरील गावांनी त्या महिन्यांत काय सोसले, घरातली माणसे बेटावर असता मागे शेत आणि चूल कोणी सांभाळली, याची दखल घेण्याचे त्या पत्रांना कारण नव्हते. म्हणून जुनी दप्तरे मुकी असतात असे मात्र नव्हे. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी अठराव्या शतकातील महाराष्ट्रातल्या विधवा आणि 'बदकर्मा'चा आरोप आलेल्या स्त्रिया यांच्याविषयी जे लिहिले, ते पेशवेकालीन कागदपत्रांच्याच आधारे. तिजोरीत दंड जमा होत असे, म्हणून दंड भरणारीचा उल्लेख राहिला. थळच्या विद्यार्थिनीला यासाठी पुण्याच्या पेशवे दप्तरापर्यंतही जावयास नको. तलाठ्याकडील गाव नमुना सहा-क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही आणि फेरफारांची वही घेऊन ती बसली, तर एका पिढीचा इतिहास तिच्यापुढे उलगडेल : बाप वारला की मुलांची नावे कब्जेदार सदरी, मुलींची 'इतर हक्कां'त, आणि काही वर्षांनी एका हक्कसोडपत्राने तीही कमी. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हिस्सा दिला. कायद्याच्या पुस्तकात प्रश्न तेथे संपतो, अभ्यासात तेथे सुरू होतो. मुंबईकरांच्या बंगल्यांमुळे ज्या पट्ट्यात गुंठ्याला मोल चढले आहे, तेथे बहीण सही का करते? भीतीने, मायेने, माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून, की रीतसर मोबदला घेऊन? हे चारही प्रकार संभवतात, आणि यांतला एकच खरा मानून प्रबंध लिहिणाऱ्याला चांगला मार्गदर्शक घरी परत पाठवील.

आता मामांच्या प्रश्नाचे उत्तर. एम. ए. चा अभ्यास दोन वर्षांचा, चार सत्रांचा. कोणत्याही शाखेचा पदवीधर त्यास सामान्यतः पात्र धरला जातो, प्रवेश बहुधा परीक्षेने होतो. पुण्यास जावयाचे नसेल तर देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत स्त्री अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जात आले आहे, आणि घर सोडणे अशक्यच असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ अभ्यासक्रम आहे, जरी माझ्या मते या विषयाचा निम्मा लाभ वर्गातल्या वादावादीत असल्याने तो पत्राद्वारे घेणे म्हणजे निम्म्यावर समाधान मानणे होय. प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. पण प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत, आणि ही केंद्रे योजनाबद्ध अनुदानावर चालत आल्यामुळे २०१७ मध्ये पंचवार्षिक योजनांचे पर्व संपल्यावर त्यांच्या भवितव्याविषयी काळजी व्यक्त झाली, हे घरी लपवू नये. उपजीविकेच्या अन्य वाटा आहेत : बचतगटांचे काम पाहणारे महिला आर्थिक विकास महामंडळ, स्वयंसेवी संस्था, वृत्तपत्रे, पाहणी करणाऱ्या संस्था, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यान्वये दहा वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत व कारखान्यात नेमाव्या लागणाऱ्या तक्रार समित्यांचे प्रशिक्षण. पगार बेताचा, कामे कंत्राटी, बी. एड. ची निश्चिती यात नाही. मामांचे एवढे म्हणणे मान्य करूनच पुढे जावे लागते.

वडिलांची मोर्च्याची भीती निराळी, आणि तिचे एक उत्तर अभ्यासक्रमातच आहे. हा विषय म्हणजे पुरुषांविरुद्धचा मोर्चा नव्हे, यात पुरुषांचाही अभ्यास होतो. पहिल्या रात्री समुद्रात ओकारी झालेल्या पोराची खलाशी जी टर उडवितात तिने त्याच्यात काय घडविले जाते, भीती वाटली तरी तांडेलाने ती दाखवावयाची नाही हा दंडक कोठून आला, आणि त्याची किंमत शेवटी दारूच्या गुत्त्यावर की घरात वसूल होते, हे प्रश्न लिंगभावाचेच आहेत. स्त्री आणि पुरुष या दोन्ही रकान्यांत न मावणाऱ्या माणसांचाही त्यात विचार होतो, ज्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी म्हणून मान्यता दिली.

अशा अभ्यासासाठी कोळीवाड्यात करावयाच्या प्रत्यक्ष क्षेत्रकार्याची वेळ ठरविणे हे वाटते तितके सोपे नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बायकांना बोलावयास उसंत असते, जाळी दुरुस्त होत असतात, उधारीचे हिशेब निघतात, आणि मांडव्याहून गेटवेची लाँच बंद असली तरी एस. टी. ने येता येते. परंतु त्या दिवसांत बाजार आणि वाळवण दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाविषयी केवळ तोंडी माहिती घेणे म्हणजे गणकाचीच चूक पुन्हा करणे. म्हणून हिवाळ्यात, बोंबील दोरावर असताना, दुसरी फेरी करावी लागते, आणि त्या वेळी प्रश्न विचारण्यापेक्षा पाटी उचलावयास हात लावणे अधिक फलदायी ठरते. एक अडचण मात्र कोणत्याच ऋतूत सुटत नाही. विद्यापीठाचा दंडक असा, की माहिती देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि त्याचे नाव उघड करू नये. पण ज्या आळीत सगळे एकमेकांना आवाजावरून ओळखतात तेथे नाव बदलून काय साधणार? नवऱ्याच्या नकळत बाजूला ठेवलेल्या पैशाची गोष्ट एखाद्या बाईने विश्वासाने सांगितली, तर टोपणनावाखालीही ती कोणाची हे आळीला कळेलच. अशा वेळी तपशील दोन-तीन घरांत विभागून लिहितात, किंवा मजकूर सादर करण्यापूर्वी त्या बाईला तिच्या ओटीवर बसून मराठीत वाचून दाखवितात. आणि तिने 'हे काढ' म्हटले तर ते काढावे लागते, मग त्या एका परिच्छेदावर सबंध प्रकरण उभे असले तरी.